हळू चालण्याचं वर्ष

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची बाई वर आली. हसतमुख, हातात झाकलेली वाटी. मला वाटलं, कसलातरी प्रसाद द्यायला आली असेल. वाटी सुनेच्या हातात देऊन म्हणाली, "बुरा मत मानना हां, पण आजी चालतात ना, तर आमच्या डोक्यावर धपधप होतं. मुलाची परीक्षा आहे." सुनेने त्याच संध्याकाळी स्पंजच्या मऊ सपाता आणून माझ्या पलंगाखाली ठेवल्या. मी त्या दोन दिवस घातल्या आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या कुंडीखाली पाणी गळत होतं तिथे सरकवल्या. ही इमारत उभी आहे ती जागा म्हणजे आमच्या मुर्धा गावचं मिठाचं आगर. मीठ पिकवायला ही जमीन वर्षानुवर्षं पायांनी तुडवून टणक केली, त्यात माझ्याही टाचा होत्या. पण हे त्या बाईला सांगायला गेलं तर ती आणखी एक वाटी घेऊन येईल, म्हणून गप्प बसले.

मला हळू चालवण्याचा प्रयोग पूर्वी एकदा होऊन गेलेला आहे. तो माझ्या काकांनी केला होता आणि तो घरादाराला महागात पडला.

आमच्या घरात कुणी बोलत नसे, सगळे हाका मारत. आगर घरापासून लांब, खाडीवरून वारा कायम उलटा, आणि बाबा एका बांधावर तर आई दुसऱ्या. "पानी सोड गो!" हे एवढं सांगायलाही छातीत हवा भरून घ्यावी लागे. तीच सवय चुलीपाशी. आई भाकरी थापताना शेजारी बसलेल्या मला "पीठ दे" म्हणाली तर पलीकडच्या घरातली कोंबडी उडायची. तांदळाची भाकरी, चिंच घातलेलं खाऱ्या माशाचं कालवण, वालाचं बिरडं, आणि या सगळ्यावर तीन माणसांचा आठ माणसांएवढा आवाज. मला त्यात काही वावगं दिसत नसे. मी तर त्या घरातली सर्वांत मोठ्या आवाजाची, आणि चालायची अशी की फळीवरची भांडी वाजत. आई म्हणायची, "हौसा आली, मडकी धरा!" पण ते हसत म्हणायची.

मग काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, घराण्यात पहिले शिकलेले. मास्तरकीचं शिक्षण पुरं करून ते आमच्याच बाजूच्या शाळेत रुजू झाले, आणि शाळेतली पोरं कमी पडली म्हणून की काय, त्यांनी घर सुधारायला घेतलं. माणसाचं सुख त्याच्या गुणांत असतं, गुण लावून घ्यावे लागतात, रोज थोडे थोडे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं वाईट नव्हतं, हे आज मी कबूल करते. वाईट होती ती सुतळी.

ओटीवरच्या भिंतीला त्यांनी ओळीने खिळे ठोकले आणि प्रत्येकाच्या नावाची एकेक हातभर सुतळी टांगली. वाराप्रमाणे गुण. सोमवारी सहनशीलता, मंगळवारी टापटीप, असं करत रविवारी मृदुभाषण. चूक झाली की ज्याने त्याने आपल्या सुतळीला गाठ मारायची. रविवारी संध्याकाळी काका गाठी बघणार, दोन शब्द सांगणार, गाठी सोडवणार आणि सोमवारपासून पुन्हा सुरू. बाबांनी पहिल्याच आठवड्यात आपली सुतळी काढून वासरू बांधलं. आई गाठ मारायचीच नाही, "मी कई चुकले?" असं उलट विचारायची. काकांची स्वतःची सुतळी सरळ लोंबत असे, आणि काकीची त्याहून सरळ. राहिली माझी. गुरुवारपर्यंत तिची अशी गत व्हायची की त्यात जाळ्यासारखी एखादी निवटी मासळी सापडली असती.

काकी म्हणजे काकांची नवी बायको, वसईकडची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी. ती चालली तर कळायचं नाही. मागे उभी असायची आणि आपण वळलो की दचकायचो. बोलणं इतकं हळू की आई "काय? काय?" करत कान पुढे करायची. भांडं ठेवायची ते आधी बोट टेकवून मग. काकांना वाटायचं, गुण म्हणजे हेच. दिवसातून दहा वेळा "हौसा, काकीकडे बघ." मी बघायची. बघून बघून मला तिचा इतका राग यायचा की मी अंगणात जाऊन केळीला लाथ मारायची आणि परत येऊन सुतळीला गाठ मारायची. आणि ती बिचारी रात्री माझ्या केसांना तेल लावून द्यायची! चांगल्या माणसाचा राग येणं यासारखी चिडचीड दुसरी नाही.

आता मी हे सगळं का सोसत होते, ते सांगितलं पाहिजे. आमच्या गावातली शाळा चौथीपर्यंत. माझी चौथी झाली होती. पुढचं शिकायचं तर भाईंदरला जावं लागे, आणि बाबांच्या मते पोरीने तिथवर जाऊन करायचं काय. मला मात्र शिकायचं होतं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वाचायला लागले की मी गप्प बसायचे, आणि मला स्वतःला ते आवडायचं. काकांनी दिवाळीत वचन दिलं, "एक आठवडा. सात दिवस तुझ्या सुतळीला एकही गाठ नको. मग दादाला मी सांगतो, आणि तू शाळेत."

मी काकी व्हायचं ठरवलं. दुसरा उपायच नव्हता. भांडं ठेवताना बोट टेकवायला लागले. चवड्यांवर चालायला लागले. आई म्हणाली, "पोरीला बाधलं काय?" मार्गशीर्षात आगराचं काम सुरू झालं तसं मी काकांना विचारलं, आगरावर तरी नेहमीसारखं वागले तर चालेल ना? काका म्हणाले, "घरात एक आणि आगरावर एक, याला ढोंग म्हणतात, हौसा. गुण हा अंगरखा नव्हे, आत आल्यावर घालायचा आणि बाहेर जाताना काढायचा." वाक्य सुरेख होतं. काकांची सगळीच वाक्यं सुरेख असत.

मीठ कसं पिकतं हे आता सांगावं लागतं, कारण माझ्या नातवाला ते पिशवीत येतं एवढंच ठाऊक. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात तापवत पुढे पुढे सरकवायचं, आणि शेवटी ज्या चौकोनी वाफ्यात मीठ बसतं त्या वाफ्याचा तळ आधीच लादीसारखा टणक करून ठेवायचा. तो पायांनी. ओल्या चिखलात ओळीने उभं राहायचं, पावलाला पाऊल लावून सरकायचं आणि टाच दाबायची. दिवसचे दिवस. टाच नीट बसली तर तळ बसतो. नाही बसली तर मीठ ओढताना फावड्याबरोबर चिखल येतो. कडेचा वाफा माझा होता. आठव्या वर्षापासून बाबांनी तो माझ्याकडे दिलेला, कारण माझी टाच. घरात ज्या टाचेपायी बोलणी बसत, तिचं आगरावर कौतुक होई. "हौशीचा वाफा घन वाजतं," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे.

आणि तो वाफा साधा नव्हता. त्याचं मीठ फिलूबायचं. फिलूबाय पालीची, किरिस्तांव, नवरा आणि दोन मुलगे होडीवर, आणि मासे खारवण्यात उत्तनपर्यंत तिच्या तोडीची बाई नव्हती. माझ्या आजोबांपासूनचा रिवाज होता: फाल्गुनात आमची गाडी त्या वाफ्याचं मीठ घेऊन पालीला जायची आणि पावसाळ्याआधी तिच्याकडून आमची चार महिन्यांची खारी मासळी यायची. गाडी तिच्या अंगणात थांबली की ती कुणाशी एक शब्द न बोलता बाही वर करायची, मिठात कोपरापर्यंत हात खुपसायची, बाहेर काढायची, बघायची, चाटायची. मग म्हणायची, "बैल सोडा." म्हणजे मीठ पसंत, आता जेवून जायचं. तिने तसं म्हटल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत, हे बाबा दर वर्षी वाटेत मला बजावायचे.

त्या वर्षी मी तो वाफा काकीसारखा तुडवला. चवड्यांवर, हळूवार, कुणाला दुखवू नये तसा. बाबांनी पलीकडच्या बांधावरून विचारलं, "पाय दुखतंत काय गो?" मी मृदू आवाजात "नाही बाबा" म्हटलं, जे वाऱ्यात त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी हात हलवला. चार वर्षांचा भरवसा होता, ते बघायला आले नाहीत.

फाल्गुनात पहिलं मीठ ओढलं आणि फावड्याबरोबर काळा चिखल वर आला. बाबा वाफ्यात उतरले. तळाला अंगठा दाबला, तो पेरभर आत गेला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी सोमवार होता, सहनशीलतेचा, आणि माझ्या सुतळीला सकाळपासून गाठ नव्हती. "यंदा पानीच तसं हाय," बाबा म्हणाले आणि बाहेर आले. तो आठवडा मी गप्प राहिले. बुधवार गेला, शुक्रवार गेला, सुतळी सरळच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काका माझ्याकडे बघून हसले. आज मला कुणी विचारलं की आयुष्यात सर्वांत वाईट कधी वागलीस, तर मी त्याच आठवड्याचं नाव घेईन, ज्यात माझी एकही चूक टांगलेली नव्हती.

शनिवारी बाबांच्या तळपायाची चीर मिठाने चिघळली आणि पाय टेकेना. गाडी न्यायची काकांनी, रविवारी, आणि बरोबर मी. पहाटे आई पाट्या भरत होती. बघते तर दुसऱ्या वाफ्याचं पांढरं मीठ आणून ती प्रत्येक पाटीवर वरून पसरते आहे. "वरून तरी बरं दिसूं दे," ती पुटपुटली. लाजेने करत होती ती, लबाडीने नाही. काका शेजारीच उभे होते. त्यांनी बघितलं आणि बैलांच्या घंटा पुसायला लागले. वाटेत राई, मोरवा ही गावं मागे पडली तरी मला वाटत होतं, हे आता काहीतरी बोलतील. बोलले ते इतकंच: "आज रविवार. मृदुभाषण. संध्याकाळपर्यंत सांभाळ, की झालं तुझं काम. तिथे बोलणं मी करीन."

पालीत शिरलो तेव्हा बायका देवळातून, म्हणजे चर्चमधून, परतत होत्या. अंगणात बांबूंवर बोंबील, वारा सुक्या माशांचा आणि ओल्या जाळ्यांचा. फिलूबाय बाहेर आली तर तिचा उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत फडक्यात बांधलेला होता. शिंगाळा माशाचा काटा लागला होता. ती गाडीपाशी आली, वरच्या पांढऱ्या मिठाकडे बघून हसली आणि म्हणाली, "हात आज न्हाय घालत. तुमचं मीठ हाय, बगाचं काय? बैल सोडा!"

काकांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मी ऐकला. दादाचा पाय चिघळलाय म्हणून मी आलो, असं सांगत त्यांनी खाली उतरून एका बैलाच्या गळ्यातलं जोतं काढलंसुद्धा. फिलूबाय मला म्हणाली, "ये गो पोरी, भाकर खा. बापाचा पाय कसा हाय?"

तिने बाबांचा पाय विचारला नसता तर मी कदाचित गप्प बसले असते. शाळा समोर दिसत होती हो! संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न होता. पण तिने पाय विचारला आणि माझ्यातलं जे काय आठवडाभर चवड्यांवर उभं होतं ते खाली आलं.

"फिलूबाय, बैल नको सोडू! वरचं पांढरं हाय, खालचं कालं हाय! मीच तुडवलंय, नीट न्हाय तुडवलं!"

हे मी आगरावरच्या आवाजात म्हणाले. पलीकडच्या तीन अंगणांतल्या बायका थांबल्या.

"हौसा!" काका लाल झाले. "मृदू! मृदू बोल!"

"मृदू काय? मृदू तर चिखल झालाय! तुम्हीच सांगितलं हळू चाल, हळू चाल, आणि पांढरं मीठ पसरताना तुम्ही बघत होता, तेव्हा कुठं गेली तुमची सुतली?"

फिलूबायने डाव्या हाताची बाही दातांनी वर ओढली. हात कोपरापर्यंत पाटीत घातला. बाहेर काढला तो राखाडी. तिने तो चाटलासुद्धा नाही, परकराला पुसला. मी रडत होते आणि मनात कुठेतरी वाट बघत होते की आता ही मला जवळ घेईल, म्हणेल, पोर खरं बोलली. शाळेच्या पुस्तकात असंच व्हायचं.

"खरं बोललीस, ब्येस केलंस," ती म्हणाली. "पन खऱ्यानं मासली टिकत न्हाय. बैल जुंपा. ह्ये मीठ माडांच्या बुडाशी घाला."

आम्ही उपाशी परत निघालो. मोरव्याच्या अलीकडे काका सुरू झाले: सत्य बोलावं, पण योग्य वेळी, योग्य स्वरात, वडील माणसांचा मान राखून. ते फिलूबायला हळूच बाजूला घेऊन सांगणारच होते, जेवणानंतर. सांगणार असतीलही. मी त्यांना इतकी वर्षं दोष देत आले आणि अजून देते, पण हा संशयाचा फायदा त्यांना द्यायला माझी हरकत नाही. घरी पोचताच ते ओटीवर गेले आणि माझ्या सुतळीला स्वतःच्या हाताने दोन गाठी मारल्या. एक मोठ्या आवाजाची, दुसरी उलट उत्तराची. खोटेपणाची गाठ कुणाच्याच सुतळीला पडली नाही.

बाबा पाय वर घेऊन खाटेवर पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी काकांकडून, मग माझ्याकडून, मग दोघांकडून एकदम. आई पदर तोंडाला लावून बसली होती. शेवटी बाबा म्हणाले, "बारक्या, हिला शालेत घाल."

"दादा, गाठी पडल्यात. माझी अट होती—"

"तुझी अट ऱ्हाऊं दे. हिला घरात ठेवून करू काय? आवाज तर भाईंदरला जातंच, पाय पन जाऊं दे."

मी शाळेत गेले ती अशी. कुणाला गुणांचं बक्षीस वाटेल. मला तरी वाटतं, बाबांना घरात जरा शांतता हवी होती. त्या पावसाळ्यात आमच्या चुलीवर खारा मासा चढला नाही. पानात रोज वाल पडले, आणि रोज कुणीतरी वालांकडे बघून मग माझ्याकडे बघायचं. मोठी माणसं म्हणतात की खरं बोलल्यावर मन हलकं होतं. होतं. पण पोट भरायला काही येत नाही, आणि हे आधी सांगत नाहीत.

भिंतीवरच्या सुतळ्या पावसाने कुजल्या आणि नव्या कुणी लावल्या नाहीत. पुढच्या मार्गशीर्षात मी शाळेतून आले की कडेच्या वाफ्यात उतरायची आणि राग काढल्यासारखी टाच मारायची. एक दिवस बघते तर मागे काकी उभी. नेहमीसारखी, आवाज न करता आलेली. "मला दाखव ना," म्हणाली. लुगडं खोचून ती माझ्या शेजारी उतरली आणि चवड्यांवर चालायला लागली. झालं! माझं डोकं फिरलं. "काकी, टाच! इथं कुणी झोपलेलं नाहीये!"

ती थांबली. चिखलाकडे बघत म्हणाली, "आमच्या घरी माझी सावत्र आय दुपारची झोपायची. पाय वाजला की हातात येईल ते फेकायची. मग सवयच लागली."

गेल्या वर्षी मी ज्याची नक्कल करत होते तो तिचा गुण नव्हताच, ती भीती होती. आणि काकांनी तिला भिंतीवर टांगून आम्हाला दाखवली होती. मला काकांचा, तिच्या सावत्र आईचा, माझा, सगळ्यांचा एकदम संताप आला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मार." तिने पाय उचलला. पहिली टाच पडली ती अगदीच बापुडी. चौथी-पाचवी बरी पडली. मग ती खदखदा हसायला लागली, मोठ्याने, आणि तिच्या हसण्याला इतका मोठा आवाज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बांधावरून काका ओरडले, "अगं, हळू!" आपण ओरडतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. काकीला वाऱ्यात ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

फाल्गुनात मीठ पांढरं आलं. फिलूबायने मागितलेलं नव्हतं, तरी बाबांनी गाडी भरली, वरून काही न पसरता, आणि मला शेजारी बसवलं. पालीच्या अंगणात गाडी थांबली. फिलूबाय आली. तिच्या पंजावर काट्याचा व्रण होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही. बाही वर केली, पाटीत हात घातला, कोपराच्याही वर, अगदी तळाशी बोटं हलवून बघितली. बाहेर काढला. उन्हात धरला. चाटला. दुसरी पाटी. तिसरी. सगळ्या पाट्या. बाबांनी कासरा घट्ट धरलेला होता आणि मी श्वास.

मग परकराला हात पुसत ती घराकडे वळली आणि जाता जाता, मागे न बघता म्हणाली, "बैल सोडा."